एका छपराखालचीं माणसें

मध्य रेल्वेनें प्रवास करणाऱ्यास दिवा हें नांव अपरिचित नाहीं. परंतु ती ओळख बहुधा गाडी बदलण्यापुरतीच असते. ठाणें व डोंबिवली यांच्यामधील या जंक्शनावरून एक फांटा भिवंडीवरून वसईकडे जातो, दुसरा पनवेलमार्गें कोंकणाकडे वळतो, आणि मुख्य रस्ता कल्याणाकडे निघून जातो. खाडीकांठचें हें एके काळचें लहानसें गांव गेल्या दोन पिढ्यांत चाळींनीं आणि दाटीदाटीच्या इमारतींनीं भरून गेलें आहे. मुंबईंत ज्यांस भाडें परवडेनासें झालें, ज्यांच्या घरच्या कर्त्या पुरुषाचा रोजगार बुडाला, किंवा जे गांवाकडून नव्यानें पोट भरण्यास आले, त्यांनीं येथें आसरा घेतला. सकाळीं हजारों माणसें येथून गाडीच्या दारांत लोंबकळत मुंबईकडे जातात, हें सर्वांस दिसतें. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्याहि येतात. जें घरीं राहतें तें मात्र दिसत नाहीं.

घरीं राहणाऱ्या बायकांचा दिवस रिकामा जातो असें नव्हे. दिवा, मुंब्रा, कळव्यापासून उल्हासनगरापर्यंतच्या वस्त्यांतून तयार कपड्यांचीं गाठोडीं घरोघर फिरत असतात. कोणी शिवलेल्या कपड्याचे लोंबते धागे कापते, कोणी बटणें लावते, कोणी ओढणीस टिकल्या टांकते, कोणी साडीस फॉल लावते. काम उक्तें असतें. मजुरी नगावर मिळते. गाठोडें आणणारा आणि नेणारा माणूस एकच असतो, आणि त्याच्यापलीकडे मालक कोण हें काम करणारीस बहुधा ठाऊक नसतें. सुई तिची, जागा तिची, विजेचें बिल तिचें. तयार झालेला माल तेवढा दुसऱ्याचा. आतां प्रश्न असा कीं, ही बाई कामगार आहे काय? व्यवहार सांगतो कीं आहे. परंतु हाच प्रश्न कायद्यास विचारला, तर तो फार काळ उलट विचारीत आला कीं, तुमच्या छपराखालीं माणसें किती? या उलट प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे. कारण कापडाच्या धंद्यांतील कामगारांच्या हक्कांची गेल्या दीडशें वर्षांची कथा ही पुष्कळ अंशीं एका आंकड्याची कथा आहे, असें आम्हांस वाटतें.

१८५४ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आगगाडी ठाण्याहून पुढें कल्याणपर्यंत धांवूं लागली. त्याच सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंतील कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी उभी केली. पुढें लोहमार्गानें घाटावरचा कापूस बंदरावर आणला, आणि गिरण्यांनीं रत्नागिरी-साताऱ्याकडचीं माणसें आपल्याकडे ओढून घेतलीं. पहिल्या गिरण्यांत दिवसाचें मान सूर्यावर ठरे. उजेड पडला कीं साचे सुरू होत, अंधारलें कीं थांबत. त्यामुळें उन्हाळ्यांत बारा-तेरा तासांहूनहि अधिक काम पडे. दुपारच्या जेवणास निश्चित सुटी नसे. रविवारीं यंत्रें पुसण्यासाठीं पुष्कळांस हजर राहावें लागे. पगार महिना उलटून गेल्यावर हातीं पडे, आणि मध्यंतरीं वाण्याचें व सावकाराचें देणें वाढत राही. सात-आठ वर्षांचीं पोरें कताईच्या खात्यांत काम करीत.

या स्थितीस पहिला आळा घातला तो १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, त्यांस महिन्यांतून चार सुट्या द्याव्यात, एवढेंच त्यांत होतें. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयीं अवाक्षरहि नव्हतें. आणि हा कायदा लागू कोणास? जेथें वाफेचें किंवा अन्य शक्तीचें यंत्र आहे व जेथें शंभर किंवा अधिक माणसें कामास आहेत, त्याच कारखान्यास. नव्याण्णव माणसांच्या कारखान्यांतील सात वर्षांच्या मुलास सरकार ओळखत नव्हतें. आमच्या आंकड्याची ही पहिली पायरी: शंभर.

या कायद्यामागें निव्वळ भूतदया होती असें म्हणतां येत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस खुपूं लागली होती, आणि हिंदी मजुराच्या कळवळ्यांत त्यांच्या नफ्याची काळजी मिसळलेली होती. ती ओळखून आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनीं कायद्यास विरोध केला. देशी धंदा बुडेल, हा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो अगदींच पोकळ नव्हता. परंतु परक्याचा हेतु वाईट म्हणून आपल्या घरचा अन्याय चांगला ठरत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्या वादांत बहुतेकांच्या नजरेआड झाली. अपवाद अगदीं थोडे. आगरकरांच्या विचारांची छाप असलेल्या ‘मराठा’ पत्रानें त्या वेळींहि मजुरांची बाजू घेऊन गिरणीवाल्यांस सवलती देण्यास सांगितलें, हें नमूद करण्यासारखें आहे. सोराबजी शापूरजी बंगाली यांनींहि असा कायदा व्हावा म्हणून आधींपासून खटपट चालविली होती.

मजुरांच्या वतीनें बोलण्याऐवजीं मजुरांसच बोलतें करणारा पुरुष मात्र ठाण्यानें दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. गिरणींत नोकरी केल्यामुळें तेथील व्यवहार त्यांस आंतून माहीत. कृष्णराव भालेकर यांनीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ पत्र १८८० सालीं त्यांनीं मुंबईस चालविण्यास घेतलें. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ भागांत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि फॅक्टरी कमिशनपुढें ठेवण्यासाठीं एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या किती माफक होत्या पहा: दर रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा, आणि कामावर अपघात झाल्यास बरें होईपर्यंत पगार व कायमचें अपंगत्व आल्यास पोटापुरती सोय व्हावी. यांपैकीं एकहि मागणी आज कोणास अवास्तव वाटणार नाहीं. परंतु दिव्यांतील धागे कापणाऱ्या बाईस यांपैकीं किती मिळतात, हें मोजूं गेल्यास मोजणाऱ्यास विचारांत पडावें लागेल.

या मागण्यांस सहा वर्षें दाद मिळाली नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनींहि भाषणें केलीं. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षींच्या कायद्यानें मुलांच्या वयाची मर्यादा नवावर नेली, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची सीमा घातली आणि साप्ताहिक सुटीस कायद्याचा आधार दिला. आंकडा शंभरावरून पन्नासावर आला. १८९७ च्या फेब्रुवारींत, प्लेगाच्या सांथींत लोकांची सेवा करीत असतां, लोखंडे त्याच रोगानें वारले. आज रविवारीं दुपारीं निवांतपणें मासिक वाचणाऱ्या वाचकास त्या सुटीचा एक मोठा वांटा आपण कोणाकडून घेतला, याचें स्मरण असावें म्हणून हा प्रसंग कांहींसा विस्तारानें दिला आहे.

यापुढील अर्धशतकांत आंकडा उतरतच गेला. पण आपण होऊन उतरला नाहीं. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळल्यावर काम थांबविण्याचें कारण उरलें नाहीं. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. ज्या शोधानें माणसाची रात्र उजळावी, त्यानेंच मजुराची संध्याकाळ हिरावून घेतली. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील पुरुषांसाठीं बारा तासांची मर्यादा प्रथमच आली. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली, १९२० सालीं मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, ना. म. जोशी यांच्यासारखे लोक विधिमंडळांत मजुरांचा प्रश्न लावून धरूं लागले. १९२२ च्या कायद्यानें अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा ठरविला आणि आंकडा वीसावर आणला. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. १९३४ सालीं दिवस दहा तासांवर व आठवडा चौपन्न तासांवर आला. आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यानें आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा करून आंकडा शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठीं दहा व इतरांसाठीं वीस असा बांधून दिला. शंभर, पन्नास, वीस, दहा! सदुसष्ट वर्षांत कायदा मोठ्या गिरणीच्या दरवाजांतून निघून लहान कारखान्याच्या उंबरठ्यापर्यंत चालत आला. हाच वेग राहता, तर तो घराच्या उंबरठ्याशींहि पोंचला असता, अशी आशा करण्यास जागा होती.

परंतु कायदा ज्या जिन्यानें उतरत होता, त्याच जिन्यानें काम अधिक वेगानें उतरत होतें. ही गोष्ट एकट्या मुंबईची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडन व न्यूयॉर्क या शहरांत तयार कपड्यांचा धंदा वाढला, तेव्हां व्यापाऱ्यांनीं कापड बेतून तें ठेकेदारांस द्यावें, ठेकेदारांनीं तें गरीब वस्तींतील खोल्यांतून शिवून घ्यावें, आणि प्रत्येक पायरीस मजुरींतून कांहीं कापून घ्यावें, अशी पद्धति पडली. इंग्रजी भाषेंत या पद्धतीस घामावरूनच नांव पडलें. १९०९ सालीं इंग्लंडांत कायदा होऊन शिलाई, लेस वगैरे कांहीं धंद्यांसाठीं किमान मजुरी ठरविणारीं मंडळें नेमलीं गेलीं, आणि घरीं बसून काम करणाऱ्यांसहि तो दर लागू झाला. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यांत आग लागून १४६ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक तरुण परदेशी मुली होत्या, आणि बाहेर पडण्याचा एक दरवाजा बंद होता. त्या आगीनंतर तेथील कायदे सुधारले. सुधारणेस प्रेतांची रास लागावी, हा प्रकार पुढेंहि पुनः पुनः घडलेला आहे.

आपल्याकडे ही उतरण एकदम दिसून आली ती १९८२ च्या संपानंतर. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप विधिपूर्वक मागें घेतला गेला नाहीं. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगांवहि विरत गेलें. संपाच्या बऱ्यावाइटाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, गिरण्या थांबल्या तरी बाजारांतील कापड थांबलें नाहीं. तें भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलें जाऊं लागलें होतें, आणि त्यावर छाप तेवढा गिरणीचा पडत होता. एकोणिसाव्या शतकांत उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांनीं भिवंडीस रुजविलेला हातमागाचा धंदा यंत्रमागावर आला होताच. आतां तो फोफावला. तेथें पाळी आठ तासांची नव्हे, बारा तासांची. मजुरी महिन्याची नव्हे, मीटरची. आणि कायद्याच्या आंकड्याचें काय? एका लांबच लांब शेडीचे कागदोपत्रीं तुकडे पाडले, भावाच्या, मुलाच्या, पत्नीच्या नांवानें वेगळाले परवाने काढले, म्हणजे प्रत्येक छपराखालचीं माणसें दहाच्या आंत राहतात. कायद्यानें माणसें मोजण्यासाठीं जो आंकडा ठेवला, त्याचाच उपयोग माणसें न मोजली जावीं यासाठीं झाला.

विणाईची जी गत, तीच शिलाईची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं कल्याणच्या छावण्यांतून उल्हासनगर वसविलें आणि अंगच्या उद्योगानें तेथें तयार कपड्यांचा मोठा बाजार उभा केला. तेथील जीनच्या विजारींवर असलेल्या ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून लोक विनोद करीत; पण त्या विनोदांत धंद्याचें एक सत्य आहे. कपड्यावरचें नांव एकाचें, शिवणारा हात दुसऱ्याचा, आणि या दोहोंमध्यें चार-पांच मध्यस्थांची सांखळी, हेंच आजच्या जागतिक वस्त्रव्यवसायाचें रूप आहे. १९७४ पासून चाललेली निर्यातीच्या कोट्यांची पद्धति २००५ च्या आरंभीं संपली, आणि मोठ्या परदेशी दुकानांस जेथें नग स्वस्त पडेल तेथें मागणी नेण्यास मोकळें रान मिळालें. दर कापला जातो तो सांखळीच्या वरच्या टोकास. त्याची झीज सोसावी लागते ती शेवटच्या कडीस. दिव्याखालीं अंधार ही म्हण या ठिकाणीं अक्षरशः लागू पडते.

२४ एप्रिल २०१३ रोजीं, म्हणजे लोखंड्यांच्या त्या सभेस बरोबर एकशेंतेवीस वर्षें होत असतां, बांगलादेशांतील सावर येथें राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसें मेलीं. आदल्या दिवशीं भिंतींस तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवण्यांत आली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांस मात्र कामावर येण्यास सांगण्यांत आलें. तेथें छप्पर लहान नव्हतें, माणसेंहि दहा-वीस नव्हतीं. यावरून असें दिसतें कीं, ‘माणसें किती’ या प्रश्नाचें उत्तर मिळालें तरी ‘माणसें कोणाचीं’ हा दुसरा प्रश्न उरतोच. ज्यांच्या नांवाचे कपडे तेथें शिवले जात होते, त्या कंपन्या कायद्यानें त्या कामगारांच्या कोणीहि नव्हत्या. त्या अनर्थानंतर अनेक परदेशी कंपन्यांनीं कामगार संघटनांशीं इमारतींच्या व आगीच्या सुरक्षिततेविषयीं कायद्यानें बंधनकारक असा करार केला. आपण माल विकत घेतो, छप्पर आपलें नव्हे, असें म्हणून हात झटकण्याची सोय त्या करारानें थोडी तरी कमी केली.

आपल्याकडे मात्र आंकड्यानें उलटी वाट धरली आहे. २०२० सालीं संमत झालेल्या व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या संहितेनें कारखान्याची व्याख्या शक्तीसह वीस व शक्तीवांचून चाळीस माणसांवर नेली. या बदलाच्या समर्थकांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. लहान कारखानदारास नोंदवह्यांचा आणि निरीक्षकांचा जाच फार होतो; त्या भीतीनें तो धंदा वाढवीत नाहीं, कारखान्याचे तुकडे पाडतो; जाच कमी केल्यास तो मोठा होईल आणि रोजगारहि वाढेल, असें ते म्हणतात. जाचाविषयींची तक्रार खोटी नाहीं. परंतु दहाची मर्यादा असतां जे दहाच्या आंत राहण्यासाठीं तुकडे पाडीत, ते वीसाची झाल्यावर वीसाच्या आंत राहण्यासाठीं पाडणार नाहींत, असें मानण्यास आधार काय? कुंपण दूर सारलें म्हणून त्यावरून उडी मारण्याची संवय जात नाहीं. त्याच सुधारणांपैकीं वेतनसंहितेनें किमान वेतनाचा हक्क माणसांच्या संख्येशीं न जोडतां सर्व नोकरांस दिला आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनें घरीं काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या केली आहे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. हीं पावलें योग्य दिशेचीं आहेत. पण ज्या बाईस आपला मालक कोण हेंच सांगतां येत नाहीं, तिनें किमान वेतन मागावें कोणाकडे?

हा गुंता सुटण्यासारखा नाहीं असें कोणी म्हणेल, तर त्यास आमच्याच प्रांतांतील दोन दाखले देतां येतील. सिन्नर, सोलापूर या बाजूंस हजारों स्त्रिया घरीं विड्या वळीत आल्या आहेत. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानें घरीं बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीसहि कामगार मानलें, आणि ठेकेदार मध्यें असला तरी कारखानदाराची जबाबदारी सुटत नाहीं, असें ठरविलें. कारखानदारांनीं त्यास आव्हान दिलें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा उचलून धरला. दुसरा दाखला माथाड्यांचा. आज एका पेढीवर, उद्यां दुसऱ्या गोदामावर ओझीं वाहणाऱ्या हमालास मालक एक नव्हे, अनेक. म्हणजे कायद्याच्या भाषेंत कोणीच नाहीं. अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांची संघटना बांधली, आणि महाराष्ट्राच्या १९६९ च्या कायद्यानें मंडळें निर्माण केलीं. मजुरी व तिच्यावरचा आकार सर्व मालकांनीं मंडळांत भरावा, आणि मंडळानें हमालास मजुरी, सुटी, भविष्यनिर्वाह निधि द्यावा, अशी ती योजना आहे. या दोन्ही कायद्यांतून पळवाटा निघाल्या, हें खरें. तरी छप्पर नसतांहि हक्क असूं शकतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. अहमदाबादेस इला भट्ट यांनीं १९७२ सालीं स्थापिलेल्या ‘सेवा’ या संघटनेच्या खटपटीमुळें १९९६ सालीं जिनिव्हा येथें घरकाम करणाऱ्या कामगारांविषयीं आंतरराष्ट्रीय करारहि संमत झाला. ज्या देशांतील बायांनीं त्यासाठीं धडपड केली, त्या आपल्या देशानें अद्याप त्यावर मोहोर उमटविलेली नाहीं.

विडी वळणाऱ्या बाईस त्या कायद्यामुळें एक वही मिळण्याची सोय झाली. पानें व तंबाखू किती दिली, विड्या किती घेतल्या, याची तींत नोंद. ती वही म्हणजे कांहीं राज्य नव्हे. पण न्यायालयांत, युनियनच्या कचेरींत, फार काय गाठोडें आणणाऱ्या माणसाशीं हिशेब करतांना, आपण अमक्याचें काम केलें हें ती दाखवूं शकते. लोखंड्यांच्या साडेपांच हजार सह्यांचें काम एका अर्थीं हेंच होतें: ज्यांची गणती नव्हती त्यांनीं आपलीं नांवें लिहिलीं. दिव्याच्या चाळींत येणाऱ्या प्रत्येक गाठोड्याबरोबर अशी एक वही यावी, तींत नगाचा दर असावा, आणि तो माल अखेर कोणाच्या दुकानांत जाणार त्याचें नांव असावें, एवढी मागणी आजच्या काळीं आम्हांस माफक वाटते. १८८४ सालीं रविवारच्या सुटीची मागणीहि तशीच माफक होती, आणि ती मिळण्यास सहा वर्षें लागलीं.